प्रेमाने दिलेल्या औषधाची जबाबदारी



आपल्यापैकी अनेकांच्या घरी काचेच्या बरणीत काही ना काही मुरत ठेवलेले असते. कुठे मधात तुळस, कुठे साखरेत आवळा, कुठे लिंबाच्या रसात आले. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे टिंक्चर, म्हणजेच वनस्पती मद्यार्कात भिजवून तयार केलेले द्रव औषध. होमिओपॅथीच्या दुकानात ‘मदर टिंक्चर’ मिळते आणि जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन तर जुन्या पिढीला चांगलेच ठाऊक आहे. आता मात्र अनेक जण असे अर्क घरीच करू लागले आहेत. शिबिर संपल्यावर किंवा सत्संगानंतर चप्पल घालताना एखादी ताई पिशवीतून छोटी बाटली काढते आणि म्हणते, “रोज वीस थेंब घ्या. खोकला जाईल. पैसे नकोत हो, घरचंच आहे.”

या देण्यात प्रेम आहे, कष्ट आहेत, सेवाभाव आहे. म्हणूनच या विषयावर विचार करायला आपण सहसा तयार नसतो. हेतू चांगला, पैशाचा लोभ नाही, वस्तू निसर्गातली, मग विचार कसला करायचा? या लेखात मला नेमका तोच विचार आपल्यासमोर ठेवायचा आहे. मोबदला न घेता, चांगल्या हेतूने दिलेल्या औषधाची जबाबदारी विकलेल्या औषधापेक्षा कमी असते का?

मला वाटते, ती कमी नसते, उलट जास्त असते. असे का वाटते, ते क्रमाने पाहू.

आधी वस्तू समजून घेऊ

मी भाषांतराची सेवा करते. त्यामुळे शब्दापासून सुरुवात करते. टिंक्चरला मराठीत सरसकट ‘अर्क’ म्हणण्याची सवय आहे. पण आयुर्वेदात अर्क म्हणजे वाफेवर काढलेले पाणी, उदाहरणार्थ ओव्याचा किंवा बडीशेपेचा अर्क. टिंक्चरमध्ये वाफ नसते. वनस्पती मद्यार्कात बुडवून काही आठवडे ठेवायची, रोज हलवायची आणि मग गाळायची, एवढीच कृती. टिंक्चरला आपल्याकडे जवळचे नाते सांगता येईल ते आसव आणि अरिष्ट यांचे. सामान्यतः काढा न करता आंबवतात ते आसव आणि आधी काढा करून मग आंबवतात ते अरिष्ट. त्यात गूळ, साखर किंवा मध घालतात, धायटीची फुले घालतात, भांड्याचे तोंड बंद करतात आणि आठवडेच्या आठवडे ते मुरू देतात. मद्यार्क बाहेरून घालत नाहीत, तो आंबण्यातून आपोआप तयार होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी प्रकारच्या आसवांची गणना आहे. म्हणजे मद्यार्काच्या साहाय्याने वनस्पतीचा गुण टिकवून ठेवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही.

मद्यार्कच का वापरतात? वनस्पतीतले सगळेच घटक पाण्यात उतरत नाहीत. राळेसारखे चिकट पदार्थ आणि सुगंधी तेले मद्यार्कात चांगली विरघळतात, पाण्यात फारशी नाही. शिवाय काढा एका दिवसात खराब होतो, टिंक्चर वर्षानुवर्षे टिकते. नेहमीचे प्रमाण असे असते: वाळलेली वनस्पती एक भाग आणि द्रव पाच भाग. म्हणजे १०० ग्रॅम सुंठीला ५०० मिलिलिटर द्रव. ओल्या पानांसाठी साधारण एकास दोन. दोन ते चार आठवडे अंधारात ठेवायचे, स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळायचे, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत भरायचे.

इतके साधे वाटते, पण यात दोन जागी नीट लक्ष द्यावे लागते. पहिली जागा पाण्याची. ओल्या पानांत साधारण चार पंचमांश पाणीच असते. १०० ग्रॅम ओली पाने २०० मिलिलिटर मद्यात घातली आणि त्या मद्यात ४२.८ टक्के मद्यार्क असला (आपल्याकडे बाटल्यांवर बहुधा हाच आकडा असतो), तर पानांतले पाणी मिसळून प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर येते. पाने आणखी जास्त घातली तर ते आणखी उतरते, आणि एका मर्यादेखाली गेले की औषध टिकत नाही, नासते. दुसरी जागा स्पिरिटची. दुकानात पॉलिशसाठी किंवा स्टोव्हसाठी मिळणारे स्पिरिट पोटात घेण्याचे नसते. ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि अनेकदा त्यात मिथेनॉल असते. मिथेनॉल माणसाला आंधळे करते आणि मारते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. स्वस्त स्पिरिटमध्ये तुळस भिजवणाऱ्याने ही घटना लक्षात ठेवलीच पाहिजे.

कायद्याची बाजूही आहे. गुजरात आणि बिहार या राज्यांत दारूबंदी आहे. महाराष्ट्रात वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ती आहे आणि इतर जिल्ह्यांत मद्य जवळ बाळगायला परवाना लागतो. बडोद्याला राहणाऱ्या मराठी साधकाने पुण्यातल्या मैत्रिणीची कृती वाचून बाटली आणायला निघणे म्हणजे सेवेच्या नावाखाली गुन्हा करणे होय. ज्यांना मद्य नको असेल त्यांना ग्लिसरीनमध्ये किंवा व्हिनेगरमध्येही वनस्पती भिजवता येतात. ते तितके टिकत नाही आणि तितके तीव्रही होत नाही, पण घरगुती वापरासाठी ही सौम्यता बहुधा चांगलीच असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

फुकट दिले म्हणजे जबाबदारी संपली का?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. आमच्या अभ्यासक्रमात भारतीय करार कायदा, १८७२ असतो. त्यात कलम १५० आहे. आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला देणाऱ्याचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. वस्तू फुकट दिली असेल, तर देणाऱ्याने त्याला माहीत असलेले दोष सांगायला हवेत. वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष त्याला माहीत असो वा नसो, त्यातून झालेल्या नुकसानीला तो जबाबदार असतो. ग्राहक संरक्षण कायद्यातही विनामूल्य दिलेली सेवा ‘सेवा’ या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. थोडक्यात, पैसे घेतले की जबाबदारी वाढते आणि पैसे घेतले नाहीत की ती कमी होते.

व्यवहाराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. शेजाऱ्याने प्रेमाने शिडी दिली आणि तिची पायरी आतून किडलेली होती, हे त्यालाही माहीत नव्हते, तर त्याला कोर्टात ओढणे बरे नव्हे. असे केले तर उद्या कुणी कुणाला साधी सुईसुद्धा देणार नाही.

पण कायदा एवढेच ठरवतो की, नुकसान झाल्यावर भरपाई कुणी द्यायची. देण्याआधी आपण काय तपासायला हवे होते, हा आपल्या अंतःकरणाचा प्रश्न आहे आणि तिथे हिशेब उलटा होतो. कसा, ते पाहा.

आपण दुकानातून औषध विकत घेतो तेव्हा आपल्याजवळ बरेच अधिकार असतात. आपण लेबल वाचतो. मुदत बघतो. दुकानदाराला विचारतो. शंका आली तर घेत नाही, आणि त्याला वाईट वाटेल याची काळजी करत नाही. आसव-अरिष्टाच्या बाटलीवर त्यात तयार झालेल्या मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. त्यामुळे ज्याला ते नको आहे, त्याला नको म्हणता येते.

आता तीच गोष्ट प्रेमाने हातात ठेवली जाते, तेव्हा काय होते? घेणारा विचारू शकत नाही. “यात काय आहे?” असे विचारणे म्हणजे ताईंवर अविश्वास दाखवणे, असे त्याला वाटते. “मी रक्तदाबाची गोळी घेतो, चालेल का?” असे चारचौघांत विचारायला संकोच वाटतो. “मी पूर्वी दारू प्यायचो, आता सोडली आहे, यात मद्य तर नाही ना?” हे तर तो मुळीच विचारणार नाही. तो हसून बाटली घेईल, आणि घरी जाऊन एक तर ती कपाटात ठेवेल किंवा श्रद्धेने घेईल.

म्हणजे विकत घेणाऱ्याला प्रश्न विचारण्याची जी मुभा असते, ती आपल्या प्रेमाने, आपल्या वयाने, संघटनेतल्या आपल्या स्थानाने काढून घेतलेली असते. ज्याने प्रश्नाची जागा काढून घेतली, त्यानेच ते प्रश्न स्वतःला विचारायला हवेत. फुकट देणाऱ्याची जबाबदारी जास्त असते ती या कारणाने. पैसे मध्ये आले असते, तर ती दोघांत वाटली गेली असती. पैसे नाहीत म्हणून ती सगळी देणाऱ्याकडे राहते.

‘पात्र’ या शब्दाचा अर्थ

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक. यांचा विचार न करता दिलेले, किंवा अवमान करून दिलेले, ते तामस. आपण बहुधा पहिला भाग लक्षात ठेवतो: परतफेड नको. तेवढे जमले की आपले दान सात्त्विक झाले, असे आपल्याला वाटते. देश, काळ आणि पात्र यांच्याकडे आपले दुर्लक्ष होते.

‘पात्र’ म्हटले की आपण घेणाऱ्याच्या लायकीचा विचार करतो. हा माणूस चांगला आहे का, गरजू आहे का? औषधाच्या बाबतीत मात्र पात्र याचा एक अगदी साधा अर्थ आहे, भांडे. हे औषध या शरीराच्या भांड्यात घालण्याजोगे आहे का? इथे माणसाच्या सज्जनपणाचा काहीच संबंध येत नाही. अत्यंत सज्जन माणसालाही ते बाधू शकते.

काही उदाहरणे पाहू. जेष्ठमध घशाला छान वाटतो, पण तो जास्त प्रमाणात, रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. मग रक्तदाबाच्या रुग्णाला जेष्ठमधाचे टिंक्चर देणे म्हणजे त्याच्या गोळीच्या विरुद्ध दिशेने दोर ओढणे झाले. अश्वगंधेमुळे थायरॉईडच्या संप्रेरकांत फरक पडू शकतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने कारले किंवा मेथी तीव्र स्वरूपात घेतली तर साखर अचानक उतरू शकते. अडुळसा खोकल्यावर घरोघरी वापरतात, पण गरोदरपणात तो टाळावा असे सांगतात, कारण त्यातल्या घटकाने गर्भाशय आकुंचन पावू शकते. आणि दारू सुटावी म्हणून डायसल्फिरमच्या गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात थोडासा मद्यार्क गेला, तरी छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होऊ शकतो.

इथे कुणी म्हणेल, तीस थेंबांत मद्यार्क तो किती? हिशेब करू. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर. तीस थेंब म्हणजे दीड. ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे ०.६४ मिलिलिटर मद्यार्क येतो. बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीराला हे नगण्य आहे. पण दारू सोडून तीन वर्षे झालेल्या, रोज सकाळी ‘आज नाही’ असा संकल्प करणाऱ्या माणसाला ते नगण्य नाही. धर्माने मद्य वर्ज्य असलेल्या शेजाऱ्यालाही ते नगण्य नाही. त्यांचे व्रत त्यांच्या नकळत मोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? औषध त्यांच्या शरीराला बाधले नाही, तरीही आपण त्यांच्याकडून काहीतरी हिरावून घेतलेच. म्हणून औषधाच्या बाबतीत खरे सांगणे हाही अहिंसेचाच भाग आहे, असे मला वाटते.

आपल्या देशातला कायदा एके ठिकाणी हे फार समजूतदारपणे ओळखतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यानुसार विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध तयार करायला परवाना लागतो, पण स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला त्यातून सूट आहे. असे का असावे? वैद्याने रुग्णाला समोर बसवलेले असते. त्याची नाडी, त्याची पचनशक्ती, त्याची इतर औषधे त्याने विचारलेली असतात. औषध एकाच माणसासाठी असते आणि तो माणूस वैद्याला ठाऊक असतो. पात्र पाहिलेले असते.

‘निसर्गातले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही

‘पण हे तर नैसर्गिक आहे’ असे आपण सहज म्हणतो. चरकसंहितेत यावर फार स्पष्ट विचार आहे. तीक्ष्ण विषसुद्धा योग्य रीतीने वापरले तर उत्तम औषध होते आणि औषधसुद्धा चुकीचे वापरले तर तीक्ष्ण विष होते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपल्या परंपरेनेच ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा समज मानलेला नाही.

यात आणखी एक अडचण नावांची आहे आणि ती भाषांतर करणाऱ्याला रोज भेटते. हिंदीत ‘गिलोय’ ती मराठीत गुळवेल, हे सोपे आहे. पण ‘ब्राह्मी’ म्हणजे काय? काही ठिकाणी ती पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची वनस्पती असते, तर काही ठिकाणी मंडूकपर्णीला, म्हणजे गोलसर पानांच्या वेलीला, ब्राह्मी म्हणतात. ‘शंखपुष्पी’ या नावाने उत्तरेत एक वनस्पती घेतात आणि केरळात गोकर्ण. ‘पाषाणभेद’ या नावाखालीही प्रदेशागणिक निरनिराळ्या वनस्पती येतात. आपली चळवळ देशभर पसरलेली आहे. एका राज्यातल्या साधकाने लिहिलेली कृती दुसऱ्या राज्यातला साधक वाचतो. शब्द तोच राहतो, पण बरणीत पान वेगळेच पडते.

याचे एक गंभीर उदाहरण आपल्या जवळचेच आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घरोघरी घेतली जात होती. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. गुळवेलीचे सेवन केल्यानंतर या रुग्णांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, मात्र तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल घेतली गेली असण्याची शक्यता आहे, अशी त्यांची बाजू होती. तज्ज्ञांच्या या वादात आपण न्यायाधीश होण्याची गरज नाही. घरी औषध करणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच निघतो. वेल खरी असेल तर ती काही शरीरांना बाधू शकते. वेल खोटी असेल तर ती ओळखण्यात चूक होऊ शकते. कुंपणावरची वेल तोडून बाटली भरणाऱ्याला दोन्ही शक्यतांचे उत्तर द्यावे लागेल.

फक्त जमेची बाजू

आता थोडे आत वळू. आपल्याकडे म्हणतात, ‘अमक्याच्या हाताला गुण आहे.’ हे ऐकायला कुणाला आवडत नाही? पण हा गुण आपण कसा मोजतो, हे पाहण्यासारखे आहे.

जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. ज्या वहीत फक्त जमा लिहिलेली आहे आणि खर्च लिहिलेलाच नाही, ती वही कितीही नफा दाखवो, तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आपल्या घरगुती औषधांची वही अशीच असते. ज्याला बरे वाटले, तो दुसऱ्या आठवड्यात येऊन सांगतो. ज्याला काहीच फरक पडला नाही, तो संकोचाने गप्प राहतो. ज्याला त्रास झाला, त्याला तो त्रास या बाटलीमुळे झाला हे बहुधा सुचतही नाही, आणि सुचले तरी तो आपल्याला सांगत नाही. शिवाय साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. तिसऱ्या दिवशी बाटली दिली आणि दहाव्या दिवशी सर्दी गेली, तर श्रेय बाटलीला मिळते आणि बाटलीमार्फत आपल्याला.

निष्काम सेवेत पैशाचा मोबदला नसतो, पण ‘माझ्या औषधाने बरे झाले’ या समाधानाचा मोबदला आपण घेत असतो. तो घेणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण तो घेतला आहे, हे वहीत लिहिले पाहिजे. कारण ज्या दिवशी घेणाऱ्याच्या हितापेक्षा हे समाधान मोठे होते, त्या दिवशी आपण “डॉक्टरांना दाखवलंत का?” हे विचारायचे थांबतो. तीन आठवडे खोकला असणाऱ्या माणसाला क्षयाची तपासणी करायला पाठवण्याऐवजी आपण दुसरी बाटली देतो. औषधातल्या वनस्पतीने जे नुकसान केले नसते, ते या उशिराने होते. घरगुती औषधाचा सर्वांत मोठा धोका बहुधा हाच असतो. बाटलीत काही अपाय नसला, तरी ती योग्य उपचाराची जागा अडवून बसते.

एक रास्त आक्षेप

इथे आपल्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. इतका विचार करायचा तर कुणी कुणाला काही देणारच नाही. आजीचा बटवा बंद होईल. आल्याचा चहा देतानाही चिठ्ठी लिहून घ्यावी लागेल. माणसामाणसांतला विश्वास आटेल आणि प्रत्येक गोष्टीसाठी दुकानात जावे लागेल. ज्यांना डॉक्टर परवडत नाही, त्यांनी काय करायचे?

या आक्षेपात मोठे तथ्य आहे. वनस्पतींचे हे ज्ञान माणसाने माणसाला देतच इथवर आले आहे. पण आजीच्या बटव्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. आजी तो बटवा नातवंडांसाठी उघडत असे. कुणाला कफाचा त्रास आहे, कुणाचे पोट नाजूक आहे, कुणाची सून दिवस गेलेली आहे, हे तिला माहीत असे. ती चिमूटभर देत असे आणि दुसऱ्या दिवशी विचारत असे. गुण आला नाही तर वैद्याकडे पाठवत असे. म्हणजे बटव्याबरोबर माणसांची माहिती होती आणि पाठपुरावाही होता. आपण बटव्यातली वस्तू घेतली, ती कित्येक पटींनी तीव्र केली, बाटलीत भरली आणि अनोळखी माणसांना वाटली, पण माहिती आणि पाठपुरावा मागेच राहिला. मग याला आजीची परंपरा कशी म्हणायची?

शिवाय आल्याचा चहा आणि टिंक्चर यांत फरक आहे. रोजच्या जेवणात ज्या प्रमाणात एखादा पदार्थ येतो, त्या प्रमाणात तो देणे म्हणजे अन्न देणे. तो पदार्थ मद्यार्कात ओढून, दाट करून, रोज मोजून द्यायला लागलो की आपण औषध देत असतो. अन्न देणाऱ्याला जेवढे जाणून घ्यावे लागते, त्याहून औषध देणाऱ्याला बरेच अधिक जाणून घ्यावे लागते.

मग करायचे काय?

करणे सोडू नये, असेच मला वाटते. घरी वनस्पती ओळखणे, सुकवणे, भिजवणे यात मोठा आनंद आहे आणि संयमाचे शिक्षणही आहे. चार आठवडे रोज एक बरणी हलवायची आणि झाकण उघडायचे नाही, ही लहानशी साधनाच आहे. फक्त देताना तीन वर्तुळे वेगळी ठेवावीत.

पहिले वर्तुळ स्वतःचे. इथे आपल्याला सर्वाधिक मोकळीक आहे. तरीही आपण नियमित औषधे घेत असू तर आपल्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना सांगावे. वनस्पती जाणकाराकडून ओळखून घ्यावी. मद्यार्क कधीही गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ हाताळू नये, त्याची वाफ पेट घेते.

दुसरे वर्तुळ घरच्यांचे. त्यांची औषधे, त्यांचे आजार आपल्याला माहीत असतात, निदान विचारता येतात. तरी लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना घरचे टिंक्चर देऊ नये.

तिसरे वर्तुळ बाहेरच्यांचे: शिबिरातले, सत्संगातले, शेजारचे. इथे तयार बाटली वाटण्याचा मोह आवरावा. द्यायचेच असेल तर तुळशीचे रोप द्यावे, कृती लिहून द्यावी, वैद्याचा पत्ता द्यावा. रोप घेणारा ते वाढवतो, पाहतो, विचारतो. त्याचा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

आणि कोणत्याही कारणाने बाटली द्यावीच लागली, तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठीवर एवढे असावे: वनस्पतीचे नाव आणि जमल्यास शास्त्रीय नाव, पान आहे की मूळ, कशात भिजवली, मद्यार्क आहे की नाही आणि असल्यास साधारण किती टक्के, कोणत्या तारखेला गाळली, कुणी घेऊ नये, आणि करणाऱ्याचे नाव. देताना एक वाक्य तोंडाने म्हणावे: “नको असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.” आठ दिवसांनी विचारावे, आणि “काहीच फरक पडला नाही” हे उत्तरही तितक्याच शांतपणे वहीत लिहावे.

चिठ्ठी लिहिताना आपल्याला एखादी ओळ लिहिता आली नाही, वनस्पती नेमकी कोणती हे सांगता आले नाही, किंवा ते कुणी घेऊ नये हे ठाऊक नसले, तर ती बाटली अजून देण्याजोगी झालेली नाही, असे समजावे. ती फडताळात ठेवावी आणि जाणकाराकडून माहिती घ्यावी. तेवढा वेळ थांबणे हाही त्या माणसावरच्या आपल्या प्रेमाचाच भाग आहे.

आज घरी गेल्यावर आपल्या फडताळातल्या बाटल्या एकदा खाली काढून पाहाव्यात. ज्यांच्यावर चिठ्ठी नाही, त्यांच्यावर ती लिहायला बसावे. किती ओळी आपल्याला खरोखर माहीत आहेत, ते तिथेच कळेल.